महिनाअखेरचा हिशेब

(नवनियुक्त शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सेवेत नव्याने दाखल झालेल्या तरुणाच्या जीवनात पहिल्या पगाराचा दिवस अविस्मरणीय असतो. त्या पैशातून आईला लुगडे किंवा साडी घेतली जाते, देवापुढे पेढे ठेवले जातात, धाकट्या भावंडांच्या हातावर काही रक्कम पडते. हा आनंद सर्वस्वी योग्य आहे व त्यावर कोणी हिशेबाची कात्री चालवू नये. परंतु पहिल्या पगारानंतर दुसरा येतो, दुसऱ्यानंतर तिसरा येतो, आणि वर्ष सरता सरता अनेकांच्या ध्यानात येते की, बारा वेळा पैसा हाती आला व बारा वेळा तो गेला. मात्र तो कोठे गेला हे सांगता येत नाही. मिळकत थोडी असल्याचे दुःख समजण्यासारखे आहे. मिळालेली रक्कम कशी संपली हेच न कळणे, ही त्याहून मोठी अडचण होय, कारण तिच्यावर वेतनवाढीचाही उपाय चालत नाही.

महिन्याच्या अखेरीस अर्धा तास बसून जमा, खर्च व शिल्लक यांचा आढावा घेणे, एवढाच या अडचणीवरचा उपाय आहे. तो साधा असल्यामुळेच बहुधा दुर्लक्षित राहतो.

हिशेबाची जुनी परंपरा

हिशेब ठेवणे ही महाराष्ट्राला परकी गोष्ट नाही. पेढीवरची रोजकीर्द आणि खतावणी, दिवाळीत होणारे वहीपूजन, घरातील कर्त्या स्त्रीने दुधाच्या व वाण्याच्या रतिबासाठी भिंतीवर किंवा दिनदर्शिकेवर केलेल्या खुणा, या सर्वांमागे एकच विचार होता. पैसा हातून जाण्यास हरकत नाही, पण तो नोंद न होता जाऊ नये.

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत लंडनमधील विद्यार्थिदशेचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने मननीय आहे. १८८८ साली बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी गेलेला तो तरुण आरंभी नव्या पोषाखाच्या व नृत्यशिक्षणाच्या मोहात पडला होता. तरीही पैपैचा हिशेब लिहिण्याची सवय त्याने सोडली नाही. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्र असे किरकोळ खर्चदेखील तो मांडी व रात्री निजण्यापूर्वी शिल्लक मेळवून पाही. त्या आकड्यांनीच त्याला आपला खर्च निम्मा करण्याची निकड दाखवून दिली. त्याने राहण्याची जागा बदलली, वाहनाऐवजी पायी चालण्यास आरंभ केला आणि त्यामुळे प्रकृतीही सुधारली. पुढे सार्वजनिक कार्यात लाखो रुपयांचा व्यवहार हातून होत असताना याच सवयीमुळे आपल्या चळवळींना कर्ज झाले नाही, उलट शिल्लक राहिली, असे त्यांनी नमूद केले आहे. खाजगी हिशेबातील शिस्त आणि सार्वजनिक पैशातील सचोटी यांचे नाते किती जवळचे आहे, हे यावरून दिसते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना तर या नात्याचा दररोज प्रत्यय येत असतो.

एका शिक्षिकेचा महिना

केवळ तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून एक उदाहरण घेणे इष्ट होईल. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. या योजनेनुसार नवनियुक्त शिक्षकाला तीन वर्षे ठरावीक मानधन मिळते व त्यानंतर तो नियमित वेतनश्रेणीत जातो. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन पूर्वी दरमहा ६,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये करण्यात आले. आता अशी कल्पना करावी की, एक तरुणी स्वतःच्या जिल्ह्यापासून दूर, दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली आहे. तालुक्याच्या गावी तिने खोली घेतली आहे आणि गावी तिचे आईवडील कोरडवाहू शेती करतात.

तिच्या महिन्याचा खर्च साधारणपणे असा मांडता येईल. खोलीचे भाडे व वीज २,८०० रुपये. किराणा, भाजीपाला, दूध व गॅस ४,२०० रुपये. घरी पाठविलेले ३,५०० रुपये. प्रवास १,३०० रुपये. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.मध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली, तरी फाट्यापासून शाळेपर्यंतची जीप पूर्ण भाड्याचीच असते. मोबाईल ३५० रुपये. वर्गासाठी पदरचे तक्ते, रंगीत कागद, झेरॉक्स ४०० रुपये. कपडे, औषध व किरकोळ १,२०० रुपये. या सर्वांची बेरीज १३,७५० रुपये होते. म्हणजे १६,००० रुपयांतून २,२५० रुपये शिल्लक राहावयास हवेत. प्रत्यक्षात मात्र महिनाअखेर तिच्या खात्यात ३०० रुपये आढळतात.

उरलेले १,९५० रुपये कोठे गेले? या प्रश्नाचे उत्तर तिच्या स्मरणात नाही. ते बँकेच्या उताऱ्यात आहे. तो उतारा ओळीने वाचला तेव्हा असे दिसले की, शाळेजवळच्या हॉटेलातील व बसस्थानकावरील चहानाश्त्याचे ७४० रुपये होतात. मोबाईलवरून मागविलेल्या, त्या दिवशी स्वस्त वाटलेल्या वस्तूंचे ५६० रुपये होतात. मालिका व चित्रपट पाहण्यासाठी एकदा सुरू केलेली व विसरून गेलेली वर्गणी १५० रुपयांची आहे. आणि एका सहकारी भगिनीला दिलेले ५०० रुपये उसने आहेत. यांपैकी एकही रक्कम उधळपट्टीची म्हणता येणार नाही. वर्गणी व उसने दिलेली रक्कम सोडली, तर बाकीची बहुतेक देणी शंभर रुपयांच्या आतील होती, आणि म्हणूनच ती कोणाच्या लक्षात आली नाहीत.

या छोट्या तपासणीतून तिला तीन गोष्टी कळल्या. पहिली, १,९५० पैकी ५०० रुपये हा खर्च नसून येणे आहे. ते खर्चात धरले तर हिशेब चुकतो आणि मागण्याचे विसरले तर पैसा बुडतो. दुसरी, विसरलेली वर्गणी वर्षाला १,८०० रुपये नेते व तिच्या मोबदल्यात काहीच देत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चहानाश्त्याचा खर्च सकाळी डबा न करता निघाल्यामुळे होतो, आणि डबा होत नाही याचे कारण पहिली जीप फार लवकर सुटते. खर्चाच्या आकड्यामागे दिनक्रमातील एक अडचण दडलेली होती. आकडा समोर आला म्हणून ती अडचण दिसली, आणि रात्रीच तयारी करून ठेवण्याचा साधा मार्ग सुचला.

नोंद कशी ठेवावी

पूर्वी खिशातील नोटा कमी होताना डोळ्यांना दिसत. नोट मोडताना माणूस क्षणभर थांबत असे. २०१६ साली यूपीआय प्रणाली सुरू झाल्यापासून हा क्षणभराचा थांबा नाहीसा झाला. दहा रुपयांचा चहा आणि दहा हजारांचा हप्ता, दोन्ही बोटाच्या एकाच स्पर्शाने देता येतात. सोय निःसंशय मोठी आहे. शिवाय एक लाभ असा की, प्रत्येक देण्याची तारीख व रक्कम आपोआप नोंदली जाते. जुन्या काळच्या कारकुनाला जी रोजकीर्द हाताने लिहावी लागे, ती आज बँक लिहून देते. मात्र रोजकीर्द म्हणजे हिशेब नव्हे. तिच्यातील रकमा खात्याखात्यांवर चढवून खतावणी केली, तरच तिचा अर्थ लागतो. हे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

त्यासाठी शंभर पानी वही पुरेशी आहे. पानावर चार रकाने आखावेत: अटळ खर्च, ऐच्छिक खर्च, येणे-देणे आणि बचत. भाडे, किराणा, औषध, घरी पाठवावयाची रक्कम ही अटळ. बाहेरचे खाणे, नवी वस्तू, सहल ही ऐच्छिक. उसने दिलेले व घेतलेले तिसऱ्या रकान्यात. एखादी रक्कम कोणत्या रकान्यात घालावी याबद्दल मनाशी वाद झाला, तर तो वाद उपयुक्त समजावा. नवा मोबाईल अटळ की ऐच्छिक, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी मनात आला तर हिशेबाचे निम्मे काम झाले.

अनेकांचे अंदाजपत्रक आणखी एका कारणाने कोलमडते. काही खर्च महिन्याचे नसून वर्षाचे असतात. दिवाळीचा प्रवास, विम्याचा हप्ता, भावकीतील लग्नांचे आहेर, पावसाळ्यापूर्वीची छत्री-रेनकोट, दुचाकीची दुरुस्ती हे सर्व ठाऊक असूनही दर वेळी अचानक आल्यासारखे वाटतात व उसनवारीस कारण होतात. वरील शिक्षिकेने असे वार्षिक खर्च मांडले व त्यांची बेरीज १४,४०० रुपये आली असे धरले, तर दरमहा १,२०० रुपये त्यांच्यासाठी वेगळे ठेवावे लागतील. २,२५० रुपयांतून हे वजा केले की १,०५० रुपये उरतात. तिची खरी बचतक्षमता एवढीच आहे. हा आकडा लहान असला तरी खरा आहे. खऱ्या लहान आकड्यावर जे उभे राहते, ते खोट्या मोठ्या आकड्यावर उभे राहत नाही.

बचतीची रक्कम मात्र महिनाअखेरीस उरेल तेवढी न धरता पगार होताच बाजूला काढावी. ठरलेल्या तारखेस आवर्ती ठेवीत रक्कम वर्ग करण्याची व्यवस्था बँकांत असते; डाकघरात दरमहा १०० रुपयांपासून असे खाते उघडता येते. आपल्या देशात डाकघर बचत बँकेची सुरुवात १ एप्रिल १८८२ रोजी झाली. गावोगावच्या अल्पबचतीची ही सर्वांत जुनी वाट आजही खुली आहे.

आढाव्याच्या वेळचे प्रश्न

वही भरणे आणि आढावा घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भरलेली वही कपाटात ठेवून दिली तर ती निरुपयोगी ठरते. महिन्यातून एकदा, शक्यतो ठरावीक दिवशी, त्या पानाला चार प्रश्न विचारावेत. मागील महिन्यापेक्षा कोणते खाते वाढले आणि का? वाढलेला खर्च एकदाच झालेला आहे की सवयीचा होऊ पाहत आहे? येणे असलेली रक्कम वसूल झाली काय व देणे फेडले काय? आणि बचतीची ठरलेली रक्कम खरोखर बचतीतच राहिली, की महिना संपण्यापूर्वी पुन्हा काढली गेली?

येथे आणखी एका बदलाची दखल घेणे जरूर आहे. मिळकत वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो, हा सिद्धांत जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडला. भारतातील कुटुंबखर्चाच्या पाहण्या त्याला पुष्टी देतात. ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. काटकसरीविषयी वडीलधाऱ्यांनी दिलेला उपदेश बहुधा धान्य, तेल, तूप, साखर यांच्याभोवती फिरतो, कारण त्यांच्या काळी पैसा तेथेच जात होता. आज प्रवास, दळणवळण, औषधोपचार, करमणूक व कर्जाचे हप्ते यांकडे त्याचा ओघ वळला आहे. म्हणून दुधात काटकसर करून प्रकृती बिघडवून घेण्यापेक्षा नव्या वाटांवर पहारा ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

शिल्लक कोठे ठेवावी

बचतीचा पहिला टप्पा संकटकाळासाठी असावा. दरमहा १,००० रुपये ठेवले तर तीन वर्षांत मुद्दलच ३६,००० रुपये होते, म्हणजे वरील शिक्षिकेच्या अडीच महिन्यांहून थोड्या अधिक खर्चाची बेगमी. वडिलांचे आजारपण उद्भवले किंवा एखाद्या महिन्याचे मानधन लांबले, तर हीच रक्कम तिला सावकाराच्या किंवा मोबाईलवरील झटपट कर्जाच्या दारात जाण्यापासून वाचवील. ही रक्कम सहज काढता येईल अशाच जागी असावी. तिच्यावर अधिक व्याज मिळविण्याचा लोभ धरू नये.

दुसरा टप्पा दीर्घ मुदतीचा. १९६८ साली सुरू झालेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना यासाठी सुपरिचित आहे. वर्षाला किमान ५०० रुपये भरून हे खाते चालू ठेवता येते व त्याची मुदत १५ वर्षे असते; सातव्या आर्थिक वर्षापासून काही अंशी रक्कम काढता येते. या खात्यात महिन्याचे व्याज पाच तारीख ते महिनाअखेर या काळातील सर्वांत कमी शिलकीवर आकारले जाते. त्यामुळे पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेला ७.१ टक्के दर कायम राहिला असे धरून दरमहा पाच तारखेच्या आत १,००० रुपये भरले, तर १५ वर्षांत १,८०,००० रुपयांचे सुमारे ३ लाख १५ हजार रुपये होतात. सरकार या दराचा दर तिमाहीस आढावा घेते, हे मात्र लक्षात ठेवावे. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण थेंब वेळेवर पडला पाहिजे.

पूर्वी पुष्कळ नोकरदार केवळ आयकर वाचविण्यासाठी मार्च महिन्यात घाईने पैसे गुंतवीत. २०२० साली आणलेली नवी करप्रणाली २०२३-२४ पासून मूळ प्रणाली ठरली आणि तीत या गुंतवणुकीची वजावट मिळत नाही. करसवलतीसाठी होणारी बचत त्यामुळे आपोआप थांबण्याचा संभव आहे. तरुण कर्मचाऱ्याने म्हणूनच बचतीचे कारण स्वतःच्या वहीत शोधले पाहिजे. कायद्याने ते पुरविण्याची वाट पाहू नये.

ठेवीच्या सुरक्षिततेबाबतही दक्षता हवी. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून विम्याचे संरक्षण असते. त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये करण्यात आली. हे संरक्षण सहकारी बँकांना लागू आहे, पण सहकारी पतसंस्थांना लागू नाही. नावात साम्य असले तरी दोहोंतील हा फरक मोठा आहे. पतसंस्थेचे सभासद जरूर व्हावे, परंतु तिचा लेखापरीक्षण अहवाल वाचून. आणि सर्व ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये.

वेतनश्रेणीचा पहिला महिना

तीन वर्षे पूर्ण होऊन शिक्षणसेवक नियमित वेतनश्रेणीत जातो, तो क्षण आनंदाचा तसाच कसोटीचाही असतो. सातव्या वेतन आयोगानुसार प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३०० रुपये आहे. १ जानेवारी २०२४ पासूनच्या ५० टक्के दराने महागाई भत्ता धरला तर आरंभीचे मूळ वेतन व भत्ता मिळून ४३,८०० रुपये होतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना लागू झालेल्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेसाठी त्यातून दहा टक्के, म्हणजे ४,३८० रुपये कापले जातात. महिन्याचे २०० रुपये व्यवसाय कराचे. २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना या करातून सूट मिळाली, त्यामुळे शिक्षणसेवक असताना या शिक्षिकेला तो द्यावा लागत नव्हता, आता लागेल. महाराष्ट्राने १९७५ साली हा कर रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी बसविला होता. पगारपत्रकातील ही छोटी कपात नोकरदाराला दुष्काळी माळावर खडी फोडणाऱ्या मजुराशी जोडणारी आहे, हे ठाऊक असले म्हणजे ती जाचक वाटत नाही.

घरभाडे भत्ता व इतर कपाती बाजूस ठेवल्या, तर तिच्या हाती ३९,२२० रुपये येतात. म्हणजे एका महिन्यात २३,२२० रुपयांची वाढ. याच सुमारास सभोवतालचे जग तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागते. वाहनविक्रेता, विमा प्रतिनिधी, पतसंस्थेचा संचालक, जमिनीच्या तुकड्याचा दलाल आणि लांबचे नातलग, सर्वांना तिची नोकरी पक्की झाल्याची बातमी लागलेली असते. सहा महिन्यांत हप्त्यांचे जाळे असे विणले जाते की, १६,००० रुपयांत ज्या घरी ३०० रुपये उरत होते, त्या घरी ३९,००० रुपयांतही ३०० रुपयेच उरतात. अंथरूण मोठे झाले की पायही लांब होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पहिल्या वर्षी वाढीतील निम्मी रक्कम, म्हणजे येथे ११,६१० रुपये, दरमहा बाजूला काढण्याचा संकल्प केला तर वर्षाअखेर १,३९,३२० रुपये जमतात आणि राहणीमानही पुरेसे उंचावते.

कर्ज घेणे सर्वकाळ त्याज्य नाही; घरासाठी, शिक्षणासाठी ते घ्यावे लागते. मात्र व्याजाची भाषा समजून घ्यावी. १ लाख रुपये १२ टक्के दराने, घटत्या शिलकीवर, तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये व एकूण व्याज सुमारे १९,५७० रुपये होते. तेच १२ टक्के संपूर्ण मुद्दलावर सपाट आकारले तर व्याज ३६,००० रुपये होते, म्हणजे प्रत्यक्ष दर सुमारे २१ टक्के पडतो. दोन्ही ठिकाणी जाहिरातीत लिहिलेला आकडा एकच असतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज लागत असेल, तर ते चक्रवाढीने वर्षाला ५१ टक्क्यांपर्यंत जाते. मोबाईलवरील कर्जासंबंधी रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी सूचना काढल्या. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी व एकंदर वार्षिक खर्चाचा दर त्याला आधी सांगितला जावा, असे त्यांत आहे. हा दर जो सांगत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवावी. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमान्वये सावकारालाही परवाना आवश्यक आहे.

जामीन राहण्याविषयी तर अधिकच सावध असावे. पगारदार सेवकांच्या पतसंस्थेत एकमेकांना जामीन राहण्याची पद्धत रूढ आहे आणि नव्या सहकाऱ्याकडून चहाच्या कपाबरोबर सही मागितली जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदार थकला की वसुलीचा हात जामीनदाराच्या पगारापर्यंत पोचू शकतो. महिन्याच्या वहीत म्हणूनच शेवटच्या पानावर, कोणाला, किती रकमेसाठी व किती मुदतीसाठी जामीन राहिलो, याची नोंद अवश्य असावी. तो आज खर्च नाही. उद्या होऊ शकेल असा खर्च आहे. आपल्या संकटकाळाच्या शिलकीतून फेडता येणार नाही एवढ्या रकमेला जामीन न राहणे, हा साधा नियम नाते व पैसा दोन्ही वाचवितो.

बचत गटाकडून धडा

मासिक आढाव्याचे उत्तम उदाहरण पाहावयाचे असेल तर ते सुशिक्षित नोकरदारांच्या घरी क्वचितच सापडेल. गावातील बचत गटाच्या बैठकीत सापडेल. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि नाबार्डने १९९२ साली सुरू केलेल्या बँकजोडणी उपक्रमाने या गटांना बळ दिले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अचूक लेखे या पंचसूत्रीवर गट चालतो. ठरल्या दिवशी दहाबारा स्त्रिया एकत्र बसतात, प्रत्येकीची जमा मोठ्याने वाचली जाते, थकलेला हप्ता सर्वांदेखत विचारला जातो. यांतील काहींना स्वतःचे नावही लिहिता येत नसते, पण गटाची शिल्लक त्यांना तोंडपाठ असते. पदवीधर तरुणाने त्यांच्याकडून ही शिस्त घेण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

हिशेब सर्वांसमोर वाचला जातो तेव्हा तो खरा राहतो, हे या गटांच्या यशाचे एक रहस्य होय. ग्रामपंचायतीचा वार्षिक जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवला जातो, त्यामागेही हाच विचार आहे. घरालाही अशी एक छोटी सभा असावी. वरील शिक्षिका आईवडिलांना दरमहा ३,५०० रुपये पाठविते. त्यांतील किती दवाखान्याला जातात, किती बियाण्याला आणि किती एखाद्या जुन्या कर्जाच्या व्याजाला, हे तिला बहुधा ठाऊक नसते. आणि लेकीच्या हाती महिनाअखेर काय उरते, हे आईवडिलांना ठाऊक नसते. दोन्ही बाजू मायेपोटी गप्प राहतात व या गप्पपणात गैरसमज वाढतात. दिवाळीच्या सुटीत ती वही घेऊन घरी बसली आणि दोन्हीकडचा जमाखर्च एका पानावर मांडला, तर कदाचित असे दिसेल की, सावकाराचे जुने कर्ज आधी फेडून टाकणे हीच त्या कुटुंबाची सर्वांत चांगली बचत आहे. चोवीस टक्के व्याजाचे कर्ज शिरावर असताना सात टक्क्यांच्या ठेवीत पैसा ठेवण्याने घर पुढे जात नाही.

शिक्षकांच्या बाबतीत या सवयीला आणखी एक महत्त्व आहे. एकेकाळी शाळाशाळांतून संचयिका चालत आणि मुले आपल्या दहा-वीस पैशांची नोंद पासबुकात करून घेत. त्या रकमा क्षुल्लक होत्या, पण नोंदीचा संस्कार क्षुल्लक नव्हता. सरळव्याज व चक्रवाढव्याज शिकविणारा गुरुजी स्वतः त्या व्याजात अडकलेला असेल, तर फळ्यावरची गणिते बिनचूक असूनही वर्गाला त्यांचा अर्थ पोचत नाही. उलट ज्याच्या घरी वही आहे, तो चौथीच्या मुलांना आठवड्याच्या बाजाराचा हिशेब मांडावयास लावील, आणि त्यांतील एखादे पोर तोच कागद घरी आईला वाचून दाखवील.

पगाराचा आकडा वेतन आयोग ठरवितो, महागाईचा आकडा बाजार ठरवितो. या दोहोंवर नवागत कर्मचाऱ्याची सत्ता फारशी चालत नाही. दोहोंमधील अंतराचा उपयोग कसा करावयाचा, एवढेच त्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी ते अंतर आधी मोजावे लागते. या वर्गातून परतणाऱ्या प्रत्येक नवशिक्षकाने येत्या महिन्याच्या अखेरीस बँकेचा उतारा समोर घ्यावा व शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखावेत. पहिला महिना जुळणार नाही. दुसऱ्यातही दोनतीनशे रुपयांचा फरक येईल. तिसऱ्या महिन्यात शिल्लक मिळेल, आणि ती किती आहे यापेक्षा ती मिळाली याचे समाधान त्या दिवशी अधिक वाटेल.